पुढे चालणारा

फौजी घरी आला तो चालत. लढाई संपली, त्याला मोकळं केलं, हातात कागद दिले आणि बसने मोठ्या रस्त्यावरच्या थांब्यावर उतरवलं. तिथून घर अकरा किलोमीटर. त्याला आणायला त्याच्या बापाने दूधवाल्याची जीप पाठवली होती. जीप रिकामीच परत आली. दूधवाला दारात उभा राहून म्हणाला, "बसायलाच तयार नाही हो. म्हणाला, तू थांब, मी पुढे होतो. मी किती वेळ मुंगीसारखी गाडी चालवू? दूध नासलं असतं माझं."

त्याच्या बायकोने संध्याकाळी त्याला येताना पाहिलं. खांद्यावर पिशवी, आणि नजर रस्त्यावर, हातातली सुई पडल्यावर माणूस शोधतो तशी. दाराशी आला तेव्हाच त्याने मान वर केली. आठ वर्षांत रजेवर पाच वेळा आला असेल, त्यातली शेवटची दोन वर्षं लढाईत गेली. ती म्हणाली, "दमलात?" तो म्हणाला, "नाही." तेवढ्यावर त्यांचं बोलणं झालं.

पुढच्या दोन महिन्यांत त्याने दोन माणसांचं काम केलं. छपराचे पत्रे बदलले, ढासळलेला बांध घातला, विहिरीवरची मोटर खोलून बसवली. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता, त्याच्याच पगारातून बापाने घेतलेला. तोही त्याने खोलला. ऑइल बदललं, फिल्टर धुतले, ब्रेक घट्ट केले. खाली उभा राहून हात लांबवून तो इंजिन सुरू करी, कान देऊन ऐके आणि बंद करी. पण सीटवर बसणं नाही. आधी म्हातारा बाप ट्रॅक्टर चालवायचा. थंडीत तो ट्रॉलीवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून हातात काठी आणि तोंडात शिव्या एवढंच त्याच्याकडे उरलं होतं.

"आठ वर्षं फौजेत ट्रक हाकला यानं," म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "आणि घरचा ट्रॅक्टर याला चावतो."

शेजारची काकू हसायची. "तुमचा ट्रॅक्टर म्हणजे माहेरवाशीण आहे गं बाई. न्हाऊमाखू घालायचं, काम मात्र सांगायचं नाही."

हसण्यावारी नेता येत होतं तोवर बायकोने नेलं. मग एका सोमवारी पाटबंधारे खात्याचा माणूस मोटरसायकलला भोंगा बांधून आला. धरणाच्या भिंतीचं काम निघालं होतं. शनिवारी सकाळी पाणी सोडणार. काठावरची पिकं, जनावरं, इंजिनं, काय असेल ते हलवा. भोंगा दोनदा ओरडला आणि पुढच्या वस्तीकडे गेला.

त्यांची नदीकाठची पट्टी पाऊण एकर, आणि पट्टीत बटाटा. अजून दोन आठवडे जमिनीत राहिला असता तर साल धरली असती. तिने एक वरंबा हाताने उकरला, बटाटा पुसला, अंगठ्याने घासला. साल सोलून आली. पण बटाटा बटाट्याएवढा होता.

"काढायचा," ती म्हणाली.

"काढशील गं," म्हातारा खाटेवरून म्हणाला. "शंभरावर पोती होतील. ती चढ चढून वर कोण आणणार? डोक्यावर आणशील? मान राहील का धडावर?"

वस्तीत दुसरा ट्रॅक्टर चक्कीवाल्याचा. ती नवऱ्याला घेऊन चक्कीवर गेली. तो बाहेरच उभा राहिला. आत पट्टा फडफडत होता, चार-पाच गिऱ्हाईकं डबे घेऊन बसली होती. चक्कीवाल्याच्या भुवयांवर पीठ होतं. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चक्की बंद केली, म्हणजे पुढचं सगळ्यांना ऐकू जावं.

"वहिनी, माझीच पट्टी आहे काठाला. शिवाय तिघांना शब्द दिलाय. तुमच्याकडे शनिवारी येतो."

"शनिवारी तर पाणी येणार."

"मग निम्मा माल माझा. उद्याच ट्रॉली लावतो." मग दाराबाहेर पाहत तो म्हणाला, "पण काय हो, धडधाकट माणूस आहे की घरात. फौजेत ट्रक चालवायला होता ना? का पुसायला होता?"

डबेवाले हसले. एकजण हसता हसता थांबला, कारण फौजी तिथेच होता, दारापासून दोन हातांवर. त्याने सगळं ऐकलं होतं. मान खाली, कान लाल, पायाने तो सांडलेलं पीठ एका रेषेत सारत होता.

"निम्मा माल नदीला गेला तरी चालेल, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला नाही."

 घरी पोचल्यावर तो सरळ शेडमध्ये गेला. ती वैरणीचा भारा घेऊन मागे गेली आणि दारातच थबकली. त्याने पायरीवर पाय ठेवला, मडगार्ड धरलं, वर चढला. सीटवर बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. एवढंच. इंजिन बंदच होतं. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचा सदरा कॉलरपासून खाली भिजत गेला. उजवा गुडघा थरथरायला लागला, पायाखालचा पत्रा खडखड वाजायला लागला. तो उतरला नाही, पडल्यासारखा खाली आला, शेडच्या मागे गेला आणि भडाभडा ओकला.

"बघा, बघा मर्द माणूस!" म्हातारा खाटेवरून ओरडला. "याला पगार दिला सरकारनं!"

"बाबा, पुरे."

लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांना ती पहिल्यांदाच असं बोलली होती. म्हातारा काठी आपटायचीही विसरला.

मंगळवारी उजाडताच त्यांनी काढणी धरली. पुढे ती पाला कापून बाजूला करी, मागून तो कुदळीने वरंबा उलटवी. काकू आणि तिची सून वेचून पाट्या भरत होत्या. रोजाऐवजी चार पोती बटाटा द्यायचं ठरलं होतं. माती ओली, जड. दहा वाजेपर्यंत तिच्या कमरेत कळा यायला लागल्या, नखांत माती जाऊन बोटं हुळहुळायला लागली. त्याची कुदळ मात्र एका लयीत पडत होती, आणि एकही बटाटा कापला जात नव्हता. दुपारी काकू आणि सून भाकरी खायला सावलीला गेल्या. हे दोघं तसेच राहिले.

ती वाकूनच म्हणाली, "काय झालं होतं?"

कुदळ पडली, उचलली, पडली. 

"ताफा असायचा," तो म्हणाला. "चाळीस-चाळीस ट्रक. थांबायचं नाही हा हुकूम. एक थांबला की सगळे अडकतात, मग वरून मारा होतो. म्हणून काय वाटेल ते होवो, थांबायचं नाही. पुढच्या ट्रकची धूळ असायची. त्या धुळीत माझ्या चाकाखाली काहीतरी आलं."

"काय?"

"माहीत नाही." त्याने कुदळीने एक ढेकूळ फोडलं. "गचका बसला. पुढच्या चाकाला, मग मागच्या. पोतं असेल. रस्त्यात पोती पडलेली असायची, सामान टाकून लोक पळाले होते. पोतंही असेल."

ती थांबली. तो थांबला नाही.

"तळावर पोचलो. साहेब म्हणाले, गाड्या धुवा. पाइप घेतला, आणि मी डोळे मिटून चाकांवर पाणी मारलं. बराच वेळ मारलं. डोळे उघडले तेव्हा चाक स्वच्छ होतं." जरा वेळाने तो म्हणाला, "उघडे ठेवले असते तर निदान कळलं असतं. पुढे सहा महिने तोच ट्रक चालवला मी. तेव्हा हात कापले नाहीत. घरी आल्यावर कापतात."

 पोतंच असेल, असं म्हणणं तिच्या तोंडाशी आलं होतं. तिने ते गिळलं. तिला तरी कुठे माहीत होतं? तिने पाल्याचा पुढचा झुबका धरला, विळा लावला आणि चार झुबके कापून झाल्यावर म्हणाली, "मला शिकवा."

"काय?"

"ट्रॅक्टर. मी चालवते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच असं पूर्ण पाहिलं. "तीन दिवसांत?"

"मग काय तीन वर्षं आहेत का आपल्याकडे?"

बुधवारी सकाळी घरामागच्या मोकळ्या रानात शिकवणी सुरू झाली. त्याने खालूनच इंजिन सुरू करून दिलं आणि बाजूला सरला. शिकवताना त्याचा आवाज बदलला. तुटक, स्वच्छ, घाई नसलेला. असा आवाज याच्या पोटात होता हे तिला ठाऊकच नव्हतं.

"क्लच पूर्ण दाब. आता पहिला टाक. आता पाय सोड. दुधावरची साय काढतेस ना, तितका हळू."

ट्रॅक्टरने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिची हनुवटी स्टिअरिंगवर आपटली. कुंपणापाशी काकू आणि आणखी दोघी उभ्या होत्या. काकू ओरडली, "साय काढ म्हणतोय, लोणी नको काढूस!" पाचव्यांदा ट्रॅक्टर निघाला. रानाच्या टोकापर्यंत गेला, वळला, येताना कुंपणाचा एक खांब घेऊन आला. दुपारपर्यंत तिला मांड्या आपल्या वाटेनात. पण ट्रॉली लावून सरळ जाणं जमलं. मागे घेणं काही जमलं नाही.

"मागे घ्यायचं नाहीच," तो म्हणाला. "तशी वेळ येऊ द्यायची नाही." मग ब्रेकच्या दोन पायट्या एकत्र धरणारी पट्टी त्याने तिला दाखवली. "रस्त्यावर ही लावलेली पाहिजे. नाहीतर एकच चाक धरतं आणि गाडी फिरते." पट्टीवरून हात न काढता तो म्हणाला, "अजून एक. मी पुढे चालणार. मी हात वर केला की थांबायचं. का ते विचारायचं नाही."

"बरं."

"लोक हसतील."

"हसू देत. त्यांना काय रोज हसायला मिळतंय?"

गुरुवारी दोन खेपा झाल्या. पट्टीतून वर यायला खडी चढण, मग वस्तीतून जाणारा रस्ता, मग घर. तो दहा पावलं पुढे चालत होता, मागून ती पहिल्या गिअरमध्ये. रस्त्यात कोंबडी आली, हात वर. दगड दिसला, हात वर, मग दगड बाजूला. चक्कीसमोर एक रिकामं पोतं पडलं होतं. हात वर करून तो थांबला, मग वाकला, पोतं दोन्ही हातांनी उचललं, खाली पाहिलं, झटकलं, घडी केली आणि ओट्यावर ठेवलं. तोवर मागे चक्कीवाल्याचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता आणि हॉर्नवर हॉर्न देत होता.

"वरात काढलीय का, वहिनी?" चक्कीवाला ओरडला. "वाजंत्री सांगितली नाहीत ती?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं दारात आली. तिचा चेहरा तापला. पायाखाली अॅक्सिलेटर होता, जरा दाबला असता तर आवाजात सगळं बुडून गेलं असतं. तिने दाबला नाही. तो पुन्हा रस्त्यात येईपर्यंत ती बसून राहिली. तो चालायला लागला, ती निघाली. चक्कीवाल्याला त्यांच्यामागे तसंच मुंगीच्या पावलाने यावं लागलं, थेट वळणापर्यंत.

शुक्रवारी सकाळी तिसरी खेप झाली. चौथी भरेपर्यंत चार वाजले. ढग खाली उतरले, बारीक पाऊस धरला. चौतीस पोती होती. शेवटच्या पोत्याचं तोंड दाभणाने शिवताना काकूची बोटं सुतळीवरून घसरत होती. काकू आणि सून वर जाऊन चढणीच्या माथ्यावर थांबल्या. फौजीने ट्रॉलीची पिन तपासली, ब्रेकची पट्टी तपासली आणि पुढे झाला.

"मध्ये थांबायचं नाही," तो म्हणाला. म्हणाला आणि त्याचं त्यालाच काहीतरी झालं, कारण तो वळून म्हणाला, "मी हात केला तर थांबायचं."

चढण निम्मी झाली होती तेव्हा तो घसरला. पाय पुढे गेला, पाठ आदळली, आणि चिखलावरून तो थेट तिच्याकडे घसरत आला. हात करायला त्याला वेळच मिळाला नाही. तिने क्लच आणि ब्रेक एकदमच दाबले. पुढचं चाक त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबलं.

थांबलं, पण मागे सतरा क्विंटल होते. ब्रेकने चाकं धरली तरी ट्रॉली चिखलावरून ट्रॅक्टरला मागे ओढत होती. इंच, मग अर्धा इंच, मग पुन्हा इंच. ती सीटवरून उठली, एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर, अंगाचा सगळा भार टाकून उभी राहिली.

"अहो! मागे दगड लावा!"

तो उठला नाही. चिखलात बसला होता आणि चाकाकडे पाहत होता. तोंड उघडं, डोळे उघडे. तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"अहो, घसरतेय! दगड!"

वरून काकू ओरडायला लागली. काय ओरडत होती कळत नव्हतं. तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. पायाखालची पायटी ओली, बूट नाहीत, अनवाणी तळवा सरकत होता. उडी मारली असती तर ती वाचली असती. ट्रॉली, बटाटा, ट्रॅक्टर, सगळं नदीत गेलं असतं. उडीचा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो तिथेच सोडला. मग ती ओरडली, पण दगडाचं नाही.

"मी थांबलेय! बघा इकडे. मी थांबलेय!"

त्याची नजर चाकावरून वर आली. बॉनेटवर आली, स्टिअरिंगवर, तिच्या हातांवर, तिच्या तोंडावर.

"थांबलेय ना मी? दिसतंय ना?"

"दिसतंय," तो म्हणाला. नुसते ओठ हलले. मग तो उठला, चिखलात गुडघा टेकत, बाजूने धावत मागे गेला. बांधाचा दगड उपटल्याचा आवाज झाला, मग दुसरा. ट्रॉली एकदा कुरकुरली आणि स्थिर झाली. तिच्या पायांखालची ओढ सैल झाली.

आता वर जायचं तर मागे कोणीतरी हवं. चाक हातभर पुढे गेलं की दगड हातभर पुढे सरकवायचा, पुन्हा चाक, पुन्हा दगड. म्हणजे तो मागे, आणि पुढे कोणीच नाही.

 मागून आवाज आला. "पुढे कोण आहे?"

तिने डोळ्यांवरचं पाणी दंडाने पुसलं. "कोणी नाही."

"नीट बघ."

"काकू आणि सून वर आहेत, उजव्या अंगाला, बांधावर. रस्त्यात कोणी नाही."

"खाली काही पडलंय का?"

"तुमची चप्पल. बाकी काही नाही."

पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा पोत्यांवर वाजत होता. तो तिथे मागे, ट्रॉलीच्या आड, काय करत असेल तिला दिसत नव्हतं. तिने वाट पाहिली. पाय जड झाले होते तरी वाट पाहिली.

"मग काढ," तो म्हणाला.

साय काढल्यासारखा तिने पाय सोडला. इंजिन गुरगुरलं, चाकांनी चिखल फेकला, ट्रॅक्टर हातभर चढला. "लावला!" मागून आवाज आला. पुन्हा हातभर. "लावला!" तीस-चाळीस वेळा झालं असेल. दर वेळी निघण्याआधी ती मोठ्याने सांगत होती, "मोकळं आहे," आणि तो मागून "काढ" म्हणत होता. माथ्यावर पोचली तेव्हा काकूने पदर तोंडात धरला होता. फौजी वर आला तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलाचा, दोन्ही हातांची बोटं सोललेली.

शनिवारी सकाळी पाणी आलं. आवाज न करता आलं, आधी कडेचं गवत वाकलं, मग वरंबे दिसेनासे झाले. चक्कीवाल्याच्या पट्टीत आठ सऱ्या राहिल्या होत्या, त्या गेल्या. तो काठावर उभा होता. तिने त्याला पाहिलं, त्याने तिला पाहिलं.

शेडमध्ये म्हातारा पाट टाकून बटाटे निवडत बसला होता.  निवडता निवडता सुनेला म्हणाला, "उभं राहून ब्रेक धरलास म्हणे."

"बसून धरवेना."

"हं." त्याने एक सडका बटाटा बाजूला टाकला. मग पोरगा पोतं घेऊन आला, तेव्हा म्हाताऱ्याने पाटावर कुल्ला जरा सरकवला आणि जागा केली. "बस. या ढिगात साल गेलेले आहेत, ते वेगळे कर. हात दाखव आधी. हळद लावलीस का?"

मंगळवारी माल बाजाराला न्यायचा होता. पहिली ट्रॉली भरून ती निघाली, तो पुढे. वस्तीतून जाताना पुन्हा कोंबड्या आल्या, पुन्हा हात वर झाला, पुन्हा कोणीतरी दारात येऊन हसलं. पण एक म्हातारी आपणहून उठली आणि अंगणाबाहेर सरकलेली खाट आत ओढून घेतली, म्हणजे त्याला थांबायला लागू नये.

शेवटचं घर मागे पडलं. पुढे सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळी रानं. त्याने हात वर केला. तिने रस्त्यावर पाहिलं, काहीच नव्हतं. का ते विचारायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून तिने विचारलं नाही. तो बाजूला झाला, तळहात विजारीला पुसले, पायरीवर पाय ठेवला आणि तिच्या डाव्या हाताच्या मडगार्डवर येऊन बसला.  मडगार्डची दांडी त्याने अशी धरली होती की नखं पांढरी झाली होती.

"तुला दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय."

"सांगत राहा."

"डावीकडे दोन बायका चालल्यात, कडेने. लांब एक सायकल आहे. रस्त्यात काही नाही."

दांडी त्याने सोडली नाही, डोळेही मिटले नाहीत. ट्रॅक्टर निघाला. बायका मागे पडल्या, सायकलवाला हात करून गेला, आणि ती एकेक सांगत राहिली. मग तिने क्लच दाबला आणि शिकल्यापासून पहिल्यांदाच दुसरा गिअर टाकला.